स्वस्त सायकल चोरीला जाते तेव्हा

सायकल चोरीला जाऊ नये म्हणून काय करायचं हे नेटवर शोधलंत तर जे सापडतं ते जवळजवळ सगळं पन्नास हजारांच्या गियरवाल्या सायकलींसाठी असतं. महागडं लॉक घ्या, जीपीएस बसवा, विमा काढा, सायकल रात्री घरात आणून ठेवा. ज्यांच्याकडे तशी सायकल आहे त्यांनी हे जरूर करावं, पण मला आज लिहायचंय ते दुसऱ्या सायकलींबद्दल. वॉचमनकाकांची सायकल, पेपर टाकणाऱ्या पोराची, आठवीतल्या मुलीची, स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींच्या मुलाची, एमपीएससीचा अभ्यास करायला गावाकडून आलेल्या आणि सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेबाहेर सायकल लावून दिवसभर आत बसणाऱ्या मुलामुलींची. दोन हजारांची, तीन हजारांची, फार तर पाच हजारांची. ही गेली की आजूबाजूचे सगळे म्हणतात "जाऊ दे, जुनीच होती", आणि मला ते ऐकून प्रचंड राग येतो, कारण खरं मोठं नुकसान हीच सायकल गेल्यावर होतं, आणि वाचवायला सगळ्यात सोपी पण हीच आहे, फक्त तिच्यासाठी कोणी डोकं लावत नाही.

आमच्या सोसायटीतलं सांगते. रात्रपाळीचे वॉचमनकाका वारज्याहून कोथरूडला सायकलवर यायचे. काळी बावीस इंची, पुढे दांडी, मागे जाड कॅरियर, सेकंडहँड घेतलेली, बिल वगैरे काही नाही. पहाटे सहाला ड्युटी संपली की पुढच्या गल्लीतल्या दोन सोसायट्यांमध्ये गाड्या पुसायचं काम, मग घरी, आणि संध्याकाळी परत. एका पहाटे सायकल गेली. गेटच्या बाहेर विजेच्या खांबाजवळ उभी असायची, मागच्या चाकाला कुलूप लावलेली, पण खांबाला बांधलेली नव्हती, आणि आत पार्किंगमध्ये लावायला स्टाफच्या सायकलींना जागाच ठेवलेली नव्हती. चाकाला कुलूप असलेली सायकल चालवत नेता येत नाही पण उचलून टेम्पोत टाकता येते, किंवा मागचं चाक वर धरून ढकलत ढकलत कोपऱ्यापर्यंत नेता येते, आणि तिथे गेल्यावर ते कुलूप एका हातोडीत तुटतं.

त्यानंतर काय झालं तर काकांचं गाड्या पुसायचं काम सुटायला आलं, कारण चालत सगळं वेळेत जमेना, आणि बसने जायचं तर रोजचे तीस-चाळीस रुपये वेगळे, तेही बस मिळाली तर. महिना तेरा-चौदा हजार पगार असलेल्या माणसाला दोन हजारांची सायकल म्हणजे काय हे गणित सोपं आहे. साठ हजारांची सायकल असलेल्या माणसाची सायकल गेली तर त्याला वाईट वाटतं, वाटणारच, मला पण वाटेल, पण तो दुसऱ्या दिवशी स्कूटरने ऑफिसला जातो. काकांचं कामच धोक्यात आलं.

मी त्यांच्याबरोबर पोलीस चौकीत गेले. ते एकटे जायला तयारच नव्हते, "ताई, सायकलसाठी कोण विचारतंय आपल्याला" हेच पालुपद. तिथले हवालदार खरं तर नीट बोलले, बसवलं, सगळं लिहून घेतलं, आणि म्हणाले की किंमत पाच हजारांच्या आत आहे त्यामुळे एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, होणार. मला वाटलं टाळाटाळ चाललीय. घरी येऊन कायदा वाचला तेव्हा कळलं की ते बरोबर सांगत होते, आणि ही गोष्ट बहुतेक लोकांना माहीतच नाही म्हणून इथे जरा तपशिलात लिहिते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड विधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. जुन्या कायद्यात चोरीचं कलम होतं ३७९, आणि वस्तू पन्नास रुपयांची असो की पन्नास हजारांची, गुन्हा दखलपात्र होता. म्हणजे पोलीस एफआयआर घेऊन स्वतःहून तपास करू शकत होते. नव्या संहितेत चोरीचं कलम आहे ३०३. शिक्षा साधारण तीच, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, पण एक नवी गोष्ट आली: चोरीच्या मालाची किंमत पाच हजारांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली तर त्याला सामुदायिक सेवेची शिक्षा. हे मला मनापासून पटतं. अठरा-वीस वर्षांचं पोर एका सायकलपायी तुरुंगात जाऊन आणखी बिघडण्यापेक्षा त्याने रस्ता झाडलेला कधीही चांगला. पण त्याच्याबरोबर दुसरी गोष्ट पण आली, की पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र झाली. एनसी नोंदवली जाते, आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस त्यात तपास करू शकत नाहीत. आता तुम्हीच सांगा, दोन हजारांच्या सायकलसाठी कोणता वॉचमन मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायला जाणार? म्हणजे ज्याची सायकल पंधरा हजारांची त्याच्यासाठी तपास, आणि ज्याची दोन हजारांची त्याच्या हातात एनसीचा कागद.

आणि हे बघा. मानव विकास कार्यक्रमात आपल्या राज्यातल्या मागास तालुक्यांमधल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकल घेण्यासाठी सरकार जे अनुदान देतं ते पाच हजार रुपये आहे. मुलीची शाळा सुटू नये म्हणून सरकारच सायकल घेऊन देतं, आणि तीच सायकल दोन महिने वापरून झाली, किंमत चार हजारांवर आली आणि चोरीला गेली, की ती चोरी दखल घेण्याइतकी मोठी राहत नाही. ही मर्यादा ठरवताना सायकलचा विचार कोणाच्या मनात होता असं मला वाटत नाही. ती बदलायला हवी, निदान वाहन म्हणून वापरल्या जाणाऱ्या सायकलीला ह्यातून वगळायला हवं, आणि सायकलवर काम करणाऱ्या संस्थांनी ही मागणी लावून धरावी असं मला फार वाटतं.

पण एक वाट आहे. त्याच संहितेत ३०५ नंबरचं कलम आहे, राहत्या इमारतीतून किंवा मालमत्ता ठेवायच्या इमारतीतून केलेल्या चोरीचं. त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, गुन्हा दखलपात्र आहे, आणि पाच हजारांची अट त्याला नाही. म्हणजे सायकल बिल्डिंगच्या आतून, जिन्याखालून, बंदिस्त पार्किंगमधून गेली असेल तर हे कलम लागू शकतं. म्हणून तक्रार देताना "सोसायटीतून सायकल गेली" एवढंच मोघम लिहू नका. अमुक इमारत, तळमजल्यावरचं झाकलेलं पार्किंग, गेट बंद होतं, जिन्याच्या कठड्याला साखळीने बांधली होती, असं सगळं लिहा आणि ३०५ लागू होतं का ते नम्रपणे विचारा. कोणतं कलम लावायचं ते पोलीसच ठरवणार, पण तुम्ही माहिती दिली नाही तर त्यांच्याकडे ठरवायला काही राहतच नाही.

आणखी एक. पोलिसांच्या ऑनलाइन 'हरवले-सापडले' मध्ये नोंद करून मोकळे होऊ नका. ती नोंद गहाळ वस्तूसाठी असते, मोबाईल रिक्षात राहिला, पाकीट पडलं, तसल्यासाठी. कुलूप लावलेली सायकल गहाळ होत नाही, ती चोरीला जाते, आणि कागदावर चोरीच लिहिलं गेलं पाहिजे, नाहीतर पुढे सायकल सापडली तरी तुमचा कागद त्या सायकलीपर्यंत पोचत नाही.

सापडतात का सायकली? सापडतात! पेपरमध्ये अधूनमधून बातमी येते बघा, अमुक पोलीस ठाण्याने एका सायकलचोराला पकडलं, इतक्या सायकली जप्त, मागे रांगेत उभ्या सायकली आणि पुढे पोलिसांचा फोटो. पुढे त्यातल्या बऱ्याच सायकली ठाण्याच्या आवारात पाऊस खात पडून राहतात, कारण मालकांनी तक्रारच दिलेली नसते, किंवा दिलेली असते पण फ्रेम नंबर कोणाला माहीत नसतो, आणि "निळी सायकल होती, हिरोची" एवढ्यावरून कोणती निळी हिरो तुमची हे ठरवणार कसं. म्हणून अशी बातमी वाचली की आपल्या भागातली नसली तरी फोन करा, जमलं तर जाऊन बघून या.

आता फ्रेम नंबर. जवळजवळ प्रत्येक सायकलला असतो. बहुतेक सायकलींना पेडलचा आस जिथून जातो त्या जाड नळीच्या खालच्या बाजूला ठोकलेला असतो, सायकल उलटी केली की दिसतो, काही जुन्या सायकलींना सीटच्या नळीवर असतो. चिखल आणि ग्रीस पुसून घ्या, मोबाईलच्या टॉर्चच्या उजेडात फोटो काढा. मग पूर्ण सायकलचा एक फोटो, आणि तिच्यावरच्या खास खुणांचा एक, म्हणजे वेल्डिंग केलेलं कॅरियर, फाटलेली सीट, घंटी, जे असेल ते. बिल असेल तर त्याचा पण फोटो. हे सगळं स्वतःलाच व्हॉट्सॲप करून ठेवा म्हणजे मोबाईल बदलला तरी राहतं. आमच्या सोसायटीत आम्ही एका रविवारी सगळ्या स्टाफच्या आणि मुलांच्या सायकली उलट्या करून हेच केलं, तासाभरात झालं, आणि लहान मुलांना तर हा प्रकार इतका आवडला की ती शेजारच्या बिल्डिंगमध्ये जाऊन नंबर शोधायला लागली.

ज्या सायकलचा नंबर गंजून गेलाय किंवा रंगाखाली दडलाय तिला नवीन खूण करता येते. लेथवाल्याकडे किंवा फॅब्रिकेशनवाल्याकडे नंबर पंच असतात, त्याने मोबाईलचे शेवटचे सहा आकडे त्याच जाड नळीवर ठोकून द्यायचे. बाकीच्या नळ्या पातळ असतात, तिथे ठोकू नका, आणि हलक्या अलॉयच्या फ्रेमवर तर अजिबात नको. आणि एक जुनी युक्ती, सीट वर काढून नाव-नंबराची चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून फ्रेमच्या नळीत सोडायची. चोराला ती माहीत नसते, रंग बदलला, सीट बदलली, स्टिकर काढले तरी चिठ्ठी आतच राहते, आणि पोलिसांसमोर "साहेब, सीट काढून बघा, आत माझं नाव आहे" असं म्हणता आलं तर त्यापुढे वाद उरत नाही.

जुन्या लोकांना आठवत असेल, पूर्वी सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा. वर्षाचा कर भरायचा आणि नंबराचा बिल्ला लावून फिरायचं, नसला तर पकडायचे, तसंच दिवा नसला किंवा डबलसीट असलं तरी पकडायचे. तो बिल्ला करासाठी होता, चोरी थांबवायला नव्हता, आणि गोरगरिबांवरचा तो कर गेला ते चांगलंच झालं. पण त्याच्याबरोबर सायकल म्हणजे नोंद असलेलं वाहन ही जाणीव पण गेली. जपानमध्ये सायकलची नोंदणी १९९४ पासून कायद्यानेच बंधनकारक आहे. माझा मावसभाऊ टोकियोत राहतो, त्याने साधी टोपलीवाली सायकल घेतली तेव्हा दुकानदारानेच पाचशे-सहाशे येन घेऊन फॉर्म भरला आणि फ्रेमवर नंबराचं स्टिकर लावून दिलं. पोलीस रस्त्यात कोणालाही थांबवून तो नंबर तपासतात, आणि नाव जुळलं नाही तर चौकशी होते. चोऱ्या तिथेही होतात, पण सापडलेली सायकल कोणाची हे कळतं तरी. आपल्याकडे महापालिकेने ऐच्छिक आणि फुकट अशी एखादी नोंद ठेवली, फक्त फ्रेम नंबर आणि मोबाईल नंबर, तर खर्च किती येणार आहे? २०१७ मध्ये पुणे महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला, त्याच वर्षाच्या शेवटी भाड्याच्या सायकली पण रस्त्यावर आल्या, आणि त्यांची जी तोडफोड आणि पळवापळवी झाली ती सगळ्यांनी पाहिली. ट्रॅक हवेत, नक्कीच हवेत, पण सायकल लावल्या जागी राहील ही खात्री नसेल तर ट्रॅकवर येणार कोण.

आता कुलपांकडे येते. दुकानात सायकलबरोबर जी बारीक केबल मिळते, रंगीत प्लास्टिकचं आवरण असलेली, ती चोरासाठी नाहीच असं समजा. आत पातळ तारांचा पीळ असतो, चांगल्या वायर कटरने काही सेकंदांत तुटतो. चार आकड्यांचं नंबर लॉक असेल तर तोडायची पण गरज नसते, ओढून धरून एकेक चकती फिरवली की हाताला अंदाज लागतो. गोल नळीसारख्या किल्लीची कुलपं पण टाळा. २००४ मध्ये अमेरिकेत क्रिप्टोनाइट ह्या नावाजलेल्या कंपनीची त्या प्रकारची कुलपं साध्या बॉलपेनच्या प्लास्टिकच्या नळीने उघडतात हे उघड झालं होतं आणि कंपनीला ती बदलून द्यावी लागली होती. तिथली महागडी कुलपं उघडली, तर आपल्याकडच्या दोनशे रुपयांच्या कुलपाचं काय घ्या.

महागडी सायकल असेल तर यू-लॉक घ्या, जाड पोलादी दांड्याचं, ते उत्तम. फ्रेमच्या मागच्या त्रिकोणातून मागच्या चाकाची रिम आणि खांब असं एकत्र अडकवायचं, म्हणजे छोट्या लॉकमध्ये फ्रेम आणि महाग चाक दोन्ही बसतं, कारण रिम त्या त्रिकोणातून बाहेर निघूच शकत नाही. पुढच्या चाकाला क्विक रिलीज, म्हणजे पान्ह्याशिवाय हातानेच उघडायचा खटका, असेल तर ते काढून साधा नट किंवा षटकोनी खाचेचा ॲलन बोल्ट लावून घ्या, क्विक रिलीज चाक काढायला पंक्चर झाल्यावर जितकं सोपं तितकंच चोराला पण सोपं.

पण दोन-तीन हजारांच्या सायकलला दोन हजारांचं यू-लॉक कोण घेणार, आणि घ्यायची गरज पण नाही. बोहरी आळीत किंवा कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात जा, आठ मिलिमीटर जाडीची लोखंडी साखळी साधारण एक मीटर घ्या, आणि एक चांगलं लिव्हरचं कुलूप, घराला लावतो तसलं नवताल चालेल. हजार-बाराशेच्या आत काम होतं. साखळीवर सायकलचीच जुनी ट्यूब कापून चढवा म्हणजे फ्रेमचा रंग खरवडत नाही, पंक्चरवाले जुनी ट्यूब सहसा फुकट देतात. साखळी फ्रेममधून, चाकातून आणि खांबातून अशी घट्ट फिरवायची की लोंबकळणार नाही, आणि कुलूप जमिनीला टेकवायचं नाही, कारण जमिनीवर टेकलेलं असलं की कटरचं एक हँडल खाली दाबून दुसऱ्यावर अख्खं वजन टाकता येतं, घाव घालायचा असला तरी खाली जमिनीचा आधार मिळतो. वर, कमरेच्या उंचीला असलेलं कुलूप तोडायला कठीण आणि लोकांना दिसतं पण. मागच्या चाकाचं ते जुनं कुलूप आहे ते पण लावाच, दोन वेगळ्या प्रकारची कुलपं असली की दोन वेगळी हत्यारं लागतात आणि वेळ दुप्पट जातो. मोठा कटर घेऊन आलेल्याला ही साखळी थांबवणार नाही हे मला माहितीये. पण दोन हजारांच्या सायकलसाठी मोठा कटर घेऊन कोणी फिरत नाही. ही सायकल जाते ती सहज जाते, येता जाता, उभी दिसली आणि बांधलेली नाही म्हणून, आणि तो सहजपणा काढून घेतला की बहुतेक वेळा ती वाचते. एवढ्यासाठीच म्हणते की हिला वाचवणं सगळ्यात सोपं.

सीट चोरीला जाणं हा एक वेगळाच वैताग, विशेषतः कॉलेज आणि क्लासच्या बाहेर. जुन्या सायकल चेनचा तुकडा ट्यूबमध्ये घालून सीटच्या खालच्या तारांतून आणि फ्रेममधून ओवून जोडून टाका, सायकलवाला पाच मिनिटांत करून देतो. ॲलन बोल्ट असेल तर त्याच्या खाचेत एक छर्रा बसवून वरून एम-सील लावा, पान्हा आत जातच नाही, आणि कधी उघडायचं झालंच तर एम-सील कोरून छर्रा काढता येतो.

हे सगळं केलं तरी बांधायचं कशाला हा प्रश्न राहतोच, आणि आपल्या शहरांची खरी कमतरता ती आहे. शाळेत, मॉलमध्ये, सोसायटीत जे सायकल स्टँड असतात ते पुढचं चाक अडकवायचे, खाचा खाचांचे. त्यात फक्त पुढचं चाक बांधता येतं, म्हणजे चोराने चाक सोडून बाकी सायकल नेली तर संध्याकाळी स्टँडमध्ये नुसतं चाक उभं. शिवाय कोणी धक्का दिला की रिम वाकते ते वेगळंच. पाहिजे काय तर उलट्या यू आकाराचा पाइप, बस्स. दोन इंची पाइप, जमिनीपासून साधारण पाऊण मीटर उंच, पाऊण ते एक मीटर लांब, दोन पाइपांमध्ये एक मीटर अंतर, आणि पाय काँक्रीटमध्ये गाडलेले, नुसते बोल्टने कसलेले नाहीत. एका पाइपला दोन्ही बाजूंनी दोन सायकली फ्रेमसकट बांधता येतात. कोणताही फॅब्रिकेशनवाला करून देईल.

आमच्या सोसायटीत काकांची सायकल गेल्यानंतर मीटिंगमध्ये मी हा विषय काढला. आधी नेहमीचंच, पार्किंगला जागा नाही, स्टाफच्या सायकली आत कशाला, गाड्यांना ओरखडे पडतील. एक आजोबा उठले आणि म्हणाले, "अहो, रात्रभर आपल्या गाड्या जो माणूस राखतो त्याची सायकल आपण रस्त्यावर ठेवतोय, हे बरं दिसतं का?" त्यानंतर कोणी काही बोललं नाही. पंपरूमच्या बाजूची, तशी कशालाच न वापरली जाणारी जागा होती, तिथे पाइप बसले, कॅमेरा त्या दिशेला वळवला. कॅमेऱ्याचं एक लक्षात ठेवा, त्यावरचं तारीख-वेळेचं सेटिंग आत्ता तपासून घ्या, आणि रेकॉर्डिंग किती दिवस राहतं ते पण विचारा, कारण बऱ्याच ठिकाणी आठ-पंधरा दिवसांत जुनं पुसून त्यावर नवीन चढतं.

आणि म्हणूनच पार्किंगमध्ये धूळ खात पडलेल्या सायकलींकडे पण लक्ष द्या. लॉकडाऊनच्या काळात, २०२० मध्ये, लोकांनी हौसेने सायकली घेतल्या आणि नंतर त्या कोपऱ्यात गेल्या. हवा नाही, कोळिष्टकं लागलेली. अशी सायकल नेली तर मालकाला महिनाभर पत्ता लागत नाही आणि तोपर्यंत फुटेज गेलेलं असतं, त्यामुळे ती सगळ्यात आधी जाते, आणि एकदा कोणाला कळलं की ह्या बिल्डिंगमधून सायकल सहज निघते की पुढच्या वेळी वापरातली जाते. तुम्ही चालवत नसाल तर कोणाला तरी देऊन टाका. वॉचमनच्या मुलाला द्या, घरकामाच्या मावशींना विचारा. चालती सायकल रोज कोणाच्या तरी डोळ्यासमोर असते.

गेलीच सायकल तर पहिला तासभर आजूबाजूला शोधा. अनेकदा पोरंटोरं चक्कर मारायला नेतात आणि पेट्रोल संपल्यासारखी दोन गल्ल्या सोडून टाकून देतात. चहाच्या टपरीवर, इस्त्रीवाल्याला, सिक्युरिटीवाल्यांना विचारा, त्यांनी बघितलेलं असतं. आसपासच्या सायकल दुरुस्तीवाल्यांना फोटो पाठवा, कारण तुटलेलं कुलूप काढायला किंवा पंक्चर काढायला ती कुठेतरी येणारच. भंगारवाल्यांना पण सांगून ठेवा. मग तक्रार. फुटेज मिळालं तर त्याची कॉपी त्याच दिवशी काढून ठेवा.

आणि इथे एक कळकळीची विनंती. ग्रुपवर फुटेज टाकून "हाच तो" करत सुटू नका. आमच्या भागात एकदा बांधकामावरच्या एका कामगाराच्या मुलाला लोकांनी धरलं होतं, केवळ त्याच्याकडे तशीच लाल सायकल होती म्हणून, आणि ती त्याच्या बापाने विकत घेतलेली होती. त्याचा चेहरा मी विसरू शकत नाही. संशय नेहमी गरिबाच्याच पोरावर जातो, आणि गंमत म्हणून सायकल नेणारी चांगल्या घरातली मुलं कोणाच्या डोक्यातच येत नाहीत. शिवाय गुन्ह्यात सापडलेल्या अल्पवयीन मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्यात, २०१५ च्या कायद्याच्या कलम ७४ मध्ये, बंदी आहे. फुटेज पोलिसांना द्या, नाहीतर सोसायटीच्या कमिटीला. आणि सायकल कुठे आहे हे तुम्हाला कळलं, समजा टॅग लावलेला होता आणि मोबाईलवर जागा दिसतेय, तरी एकटे जाऊ नका, पोलिसांना घेऊन जा.

सापडली तर ती मुद्देमाल म्हणून जमा होते आणि सहसा कोर्टाच्या परवानगीने, सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करायच्या लेखी हमीवर, परत मिळते. तिथे मालकी दाखवायला बिल, फ्रेम नंबरचा फोटो, तक्रारीची प्रत लागते. बिल नसलं तरी ते फोटो आणि ती नळीतली चिठ्ठी उपयोगी पडते.

शेवटचं सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी. पुण्यात साध्या सायकली फार मोठ्या प्रमाणात हातोहात विकल्या जातात, हॉस्टेल सोडणारी मुलं, ऑनलाइन जाहिराती, जुना बाजार, आणि त्यातले बहुतेक व्यवहार प्रामाणिक असतात. पण चोरीचा माल आहे हे माहीत असून घेणं हा कलम ३१७ खाली वेगळा गुन्हा आहे, त्यात पण तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि पाच हजारांची सायकल कोणी आठशेला देत असेल, नंबर घासलेला असेल, विकणाऱ्याला कुलपाची किल्ली कुठाय ते माहीत नसेल, तर घेऊ नका. घ्यायचीच असेल तर साध्या कागदावर लिहून घ्या, विकणाऱ्याचं नाव, पत्ता, मोबाईल, फ्रेम नंबर, किंमत, तारीख, दोघांच्या सह्या, आणि पैसे शक्यतो यूपीआयने द्या म्हणजे त्याची नोंद राहते. काकांसाठी आम्ही सगळ्यांनी मिळून जी दुसरी सायकल घेतली ती पण सेकंडहँडच होती, एका मुलीने नोकरी लागल्यावर विकलेली, आणि तिने स्वतःहून मूळ बिल शोधून दिलं, वर दोन्ही किल्ल्या.